आभासी गुन्हा, खरी शिक्षा
ऑनलाइन भूमिका-खेळातील गुन्हे आणि कायदा

पाचोरा (प्रतिनिधी) : मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावरील पाचोऱ्यात आपल्या घरी संगणकासमोर बसलेला एखादा शाळकरी मुलगा सायंकाळी बँक लुटतो, पोलिसांच्या हाती लागतो आणि ‘तीस महिन्यांचा’ कारावास भोगून अर्ध्या तासात सुटतो. हे सारे घडते ते भूमिका वठविण्याच्या ऑनलाइन खेळात. मात्र त्याच खेळात केलेली एखादी कृती खऱ्या पोलीस ठाण्यापर्यंतही नेऊ शकते. गुन्हा कोणाविरुद्ध घडला, यावर शिक्षा कोणाची, हे ठरते.

पात्राचा गुन्हा

या खेळांत खेळाडू एक पात्र निवडतो आणि त्याच्या नावाने वावरतो. पात्राने केलेल्या खुनाची वा दरोड्याची शिक्षा पात्रालाच होते. १९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये पाच निरपराध पात्रांचा बळी घेणाऱ्याचे नाव लाल अक्षरांत दिसू लागे आणि नगरात पाऊल ठेवताच पहारेकरी त्याला ठार करीत. २००३ सालच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये सुरक्षित क्षेत्रात हल्ला करणाऱ्याचे यान तेथील पोलीस दल नष्ट करते. ‘आर्चएज’ या कोरियन खेळात तर आरोपी पात्राचा निवाडा अन्य खेळाडूंचे पंचमंडळ करीत असे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’वर आधारित भूमिका-खेळांच्या अनेक सर्व्हरवर एक महिना म्हणजे एक मिनिट, अशी तुरुंगवासाची मोजणी रूढ आहे.

खेळाडूचा नियमभंग

दुसरा प्रकार खेळाच्या नियमांविरुद्धच्या गुन्ह्यांचा. कथेत कोणतेही कारण नसताना समोरच्याला ठार मारणे, मुद्दाम वाहनाखाली चिरडणे, पात्राला ठाऊक नसलेली माहिती बाहेरून मिळवून वापरणे, फसवी संगणकप्रणाली चालविणे हे येथे गंभीर अपराध मानले जातात. यांची शिक्षा पात्राला नव्हे, खेळाडूला होते. ताकीद, काही दिवसांची बंदी आणि अखेरीस कायमची हकालपट्टी, अशी ती चढत्या क्रमाने असते. हा अधिकार सर्व्हर चालविणाऱ्यांचा होय.

माणसाविरुद्धचा गुन्हा

पात्राने पात्राचा खून केला, तर भारतीय कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. परंतु एखाद्याचे खाते बळकावले, त्याला खरोखरीची धमकी दिली अथवा त्याच्याकडून पैसे उकळले, तर पीडित पात्र नसून माणूस असतो. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसविणाऱ्यास कलम ६६ डी नुसार तेवढीच शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार खंडणीसाठी (कलम ३०८) सात वर्षांपर्यंत, तर जिवे मारण्याच्या धमकीसाठीही (कलम ३५१) सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

खेळातील तलवार वा पोशाख चोरीला गेला तर ती चोरी ठरते काय, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला. २००५ साली शांघायमध्ये उसनी दिलेली आभासी तलवार मित्राने परस्पर विकली. अशा मालमत्तेसाठी कायदा नाही, असे पोलिसांकडून कळल्यावर खेळाडूने मित्राचा खून केला. न्यायालयाने त्याला स्थगित मृत्युदंड ठोठावला. नेदरलँड्समध्ये दोन मुलांनी मारहाण करून व चाकूचा धाक दाखवून एका तेरा वर्षीय मुलाकडून ‘रुनस्केप’ खेळातील ताईत व मुखवटा हिसकावला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ही चोरीच असल्याचा निर्वाळा दिला. वस्तू मिळविण्यासाठी खेळाडूने दिलेला वेळ व घेतलेले श्रम यांमुळे तिला मूल्य प्राप्त होते, असे न्यायालयाने मानले. आपल्याकडे जुन्या दंडसंहितेत जंगम मालमत्ता ‘मूर्त’ असणे आवश्यक होते. नव्या न्याय संहितेतून तो शब्द वगळण्यात आला आहे. त्यामुळे अशा मालमत्तेबाबत चोरीचा दावा करण्यास जागा निर्माण झाली आहे.

मुलांची सुरक्षा

सर्वाधिक गंभीर गुन्हा मात्र वस्तूंचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात झालेल्या सायबर जनजागृतीच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीचा अनुभव सांगितला. ऑनलाइन खेळताना अनोळखी व्यक्तीने तिच्याकडे नग्न छायाचित्रांची मागणी केली. तिने खेळ बंद करून लगेच आईला सांगितले. लैंगिक हेतूने बालकाला ऑनलाइन जाळ्यात ओढणाऱ्यास कलम ६७ बी नुसार पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याखेरीज ‘पॉक्सो’ कायदाही लागू होतो.

गुन्हा करणारा स्वतःच अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. अठरा वर्षांखालील मुलास सामान्यतः तुरुंगात न पाठविता समुपदेशन, समाजसेवा वा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृह, असे उपाय योजले जातात. सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास प्रौढांप्रमाणे खटला चालू शकतो. ‘खेळच तर होता’ हा बचाव मात्र येथे पुरेसा ठरत नाही.

तक्रार कोठे करावी?

आरोपी दुसऱ्या राज्यात असला तरी पाचोऱ्यातील रहिवासी आपल्याच पोलीस ठाण्यात तक्रार देऊ शकतो. गुन्हा कोठेही घडला असला तरी खबर नोंदविण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. खबर ई-माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. अन्य तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही करता येतात. संभाषणाची छायाचित्रे, समोरच्याचे खेळातील नाव, तारीख व वेळ जपून ठेवावी आणि घाबरून खाते पुसून टाकू नये. मूल घडलेली गोष्ट सांगायला आले तर प्रथम ते शांतपणे ऐकून घ्यावे. रागावून संगणक काढून घेतला, तर पुढच्या वेळी ते सांगायला येणार नाही, आणि गुन्हेगाराला हवे असते ते नेमके हेच.