देवगांडूळ

देवगांडूळ हा उभयचर वर्गातील पाय नसलेला, जमिनीत बिळे करून राहणारा प्राणी आहे. बेडूक व सॅलॅमँडर यांच्याखेरीज उभयचरांचा जो तिसरा गण (जिम्नोफिओना) आहे, त्यात त्याचा समावेश होतो. उष्ण व दमट प्रदेशांत त्याच्या २०० हून अधिक जाती आहेत. नावात गांडूळ असले तरी त्याला पाठीचा कणा, जबडे व दात असतात.

शरीररचना व जीवनक्रम

शरीर लांबट, ओलसर व वलयांकित असते. डोळे अत्यंत लहान व त्वचेखाली झाकलेले असल्याने प्रकाश-अंधार यापलीकडे त्यांचा फारसा उपयोग नसतो. ती उणीव डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान असलेली स्पर्शिकांची जोडी भरून काढते. स्पर्श व गंध जाणणारे असे इंद्रिय अन्य कोणत्याही उभयचरात नाही. कठीण कवटीचे डोके पहारीसारखे वापरून हा प्राणी माती सारतो. गांडुळे, वाळवी व मुंग्या हे त्याचे खाद्य होय.

इक्थिओफिस प्रजातीतील मादी ओलसर मातीत अंडी घालून त्यांना वेटोळे घालून राखण करते. पिल्ले काही काळ पाण्यात काढतात व नंतर जमिनीत शिरतात.

महाराष्ट्रातील जाती

एडवर्ड टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली इक्थिओफिस बॉम्बेएन्सिस व इंडोटिफ्लस बॅटर्सबाय या जातींचे वर्णन केले. पहिलीच्या नावात मुंबई असली, तरी तिचा मूळ नमुना आज गुजरातेत असलेल्या डांगमधील वघईचा आहे. तो भाग तेव्हा मुंबई राज्यात होता. दुसरी खंडाळ्याची. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबोलीतून गेगेनिओफिस डॅनिएली (२००३) आणि कोयना परिसरातून इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस (२००४) या जाती नोंदविल्या. पहिलीचे नाव याच संस्थेतील निसर्गतज्ज्ञ जे. सी. डॅनियल यांच्यावरून आहे. राज्याच्या नावाची उभयचर जात एकविसाव्या शतकात उजेडात यावी, यावरून हा गट किती दुर्लक्षित राहिला ते दिसते.

साम्य व गैरसमज

बोरिवली, मुलुंड, अंधेरी येथील घरांत कुंडीच्या मातीतून निघणारा काळसर, दोऱ्यासारखा जीव बहुधा वाळा असतो. तो बिनविषारी साप असून त्याचे अंग कोरडे, चकचकीत व खवल्यांचे असते. देवगांडुळाचे अंग बुळबुळीत व वलयांचे असते. देवगांडूळ माणसास चावल्याने विषबाधा होत नाही, तरीही पावसाळ्यात बांधावर किंवा रस्त्यावर आलेले देवगांडूळ सापाचे पिल्लू समजून मारले जाते.