लिहिणे आणि वाचणे : दोन कामे, दोन वेळा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आईवडिलांचा हमखास प्रश्न असतो : लिहायला-वाचायला कधी बसवावे? भाषांतर करताना या जोडशब्दाशी मी नेहमी अडखळते. मराठीत आणि बंगालीतल्या ‘लेखापडा’त लिहिणे आधी येते, हिंदीच्या ‘पढ़ना-लिखना’त वाचणे. जोडशब्दामुळे काम एकच वाटते. प्रत्यक्षात एक डोळ्याचे आहे, एक हाताचे. आपल्याकडे तर त्यांची लिपीही वेगळी होती : एकोणिसाव्या शतकातला शिकलेला मराठी माणूस छापील पुस्तक बालबोधीत वाची आणि पत्र मोडीत लिही.

१८९७ साली गांधीजी दरबानला सहकुटुंब उतरले, तेव्हा मुले नऊ आणि पाच वर्षांची होती. गोऱ्यांच्या शाळेत मेहरबानीने मिळणारा प्रवेश त्यांनी नाकारला आणि मुलांना घरीच शिकवले. स्वतःचे अक्षर वाईट, याची त्यांना कायम लाज वाटे. त्यावरून त्यांनी आत्मकथेत मत मांडले : मुलाने फुले-पाखरे ओळखावीत तशी अक्षरे आधी बघून ओळखावीत, चित्रे काढून हात वळू द्यावा, लिहिणे त्यानंतर. मात्र मुलांच्या अक्षरशिक्षणाला रोजचा नेमाने वेळ देता आला नाही, आणि मुलांची त्याबद्दल तक्रार राहिली, हेही त्यांनीच नोंदवले आहे.

वाचणे आणि लिहिणे यांत किती अंतर पडू शकते, हे राससुंदरी देवींच्या ‘आमार जीबन’मध्ये दिसते. त्यांचा जन्म १८१०च्या सुमाराचा, आज बांगलादेशात असलेल्या पाबना भागातला. माहेरच्या बाहेरच्या घरात मुलांची शाळा भरे. आठ वर्षांची राससुंदरी तिथे नुसती बसून असे. तिला कोणी शिकवले नाही. अक्षरे ऐकून आणि पाहून मनात राहिली. बाराव्या वर्षी लग्न झाले. पंचविशीच्या आसपास त्यांनी ‘चैतन्य भागवता’चे एक पान स्वयंपाकघरात लपवले आणि मुलाने गिरवलेल्या ताडपत्राशी ताडून एकेक अक्षर ओळखले. बाईने वाचणे तेव्हा निंदेचे होते. वाचन असे चोरून जमले, लिहिणे नाही. त्याला कागद, दौत, लेखणी आणि निवांतपणा लागतो. परगावी शिकणाऱ्या मुलाने ‘माझ्या पत्राला उत्तर का देत नाहीस’ असे विचारून लेखनसाहित्य हाती दिले, तेव्हा कुठे, उतारवयाकडे झुकताना, त्या लिहायला शिकल्या. त्यांचे पुस्तक बंगालीतले पहिले आत्मचरित्र मानले जाते.

म्हणून वाचनासाठी वयाची सक्ती मला पटत नाही. घरात पुस्तके असावीत, कोणी मोठ्याने वाचून दाखवावे. अक्षरे कानाडोळ्यांत मुरतात. लेखनाला हात तयार व्हावा लागतो, आणि त्याआधी पाटी पुढे ढकलून उपयोग नाही. पण लिहिणे राहून गेले तर मूल दुसऱ्यांचेच वाचत राहते. आलेल्या पत्राला स्वतःच्या हाताने दोन ओळींचे उत्तर देता येईल इतके लेखन घरच्या शिक्षणात नेमाने व्हायला हवे.