फराह बाग

फराह बाग (मूळ नाव फराहबख्श बाग, अन्य उच्चार फऱ्या बाग) ही महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या आग्नेयेस, लष्करी छावणीच्या परिसरात असलेली निजामशाहीकालीन राजबाग आहे. मुर्तझा निजामशाह पहिला याच्या कारकिर्दीत (१५६५–१५८८) तिचे बांधकाम झाले व ते १५८३ मध्ये पूर्ण झाले. मूळ बाग आज अस्तित्वात नाही. एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी बांधलेला महाल तेवढा शिल्लक आहे. हा महाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

नाव

फारसी भाषेत ‘फराह’ म्हणजे आनंद व ‘बख्श’ म्हणजे देणारा. त्यावरून ‘आनंद देणारी बाग’ असा नावाचा अर्थ होतो. हेच नाव पुढे मुघल बादशाह जहांगीर याने काश्मीरमधील श्रीनगरच्या बागेस दिले होते. ती बाग आज शालिमार बाग म्हणून ओळखली जाते.

पार्श्वभूमी

अहमदनगर शहराच्या स्थापनेचा बागेशी निकटचा संबंध आहे. मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला. त्या जागी त्याने महाल व बाग उभारल्यामुळे हा विजय ‘बागेचा विजय’ म्हणून ओळखला गेला. त्या बागेजवळच सीना नदीच्या काठी १४९४ मध्ये नव्या राजधानीची पायाभरणी झाली. पुढील काळात शहराच्या उत्तरेस हश्त बिहिश्त बाग तयार करण्यात आली. फराह बाग ही या परंपरेतील सर्वांत भव्य रचना मानली जाते.

बांधकाम

बागेचे काम प्रथम न्यामतखान सिमनानी याच्याकडे सोपविण्यात आले होते. तयार झालेली इमारत सुलतानास पसंत न पडल्याने ती पाडण्यात आली आणि सलाबतखान दुसरा या मंत्र्याच्या देखरेखीखाली नव्याने काम करण्यात आले. मुर्तझा निजामशाह कारकिर्दीच्या उत्तरार्धात दरबारापासून दूर, एकांतात राहू लागला व राज्यकारभार मुख्यतः सलाबतखानाच्या हाती गेला. सुलतान या बागेत एका गायकासोबत बुद्धिबळ खेळत असे व त्या गायकासाठी बागेत ‘लक्कड महाल’ बांधण्यात आला होता, असे सांगितले जाते. १५८८ मध्ये मुर्तझाची त्याच्याच मुलाने हत्या केली.

रचना

महाल दुमजली असून दगड व चुन्यात बांधलेला आहे. चौरसाचे चारही कोपरे छाटल्यामुळे त्याचा तलविन्यास अष्टकोनी झाला आहे. चार मुख्य दिशांना उंच टोकदार कमानी असून मध्यभागी दोन्ही मजल्यांच्या उंचीचे घुमटाकार दालन आहे. या दालनाभोवती लहान दालनांची सममित मांडणी आहे. भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यातील नक्षीकामाचे अवशेष दिसतात. तलाव भरलेला असताना महाल पाण्यात उभा असल्याचा भास होत असे.

पाणीपुरवठा

जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. अशा प्रदेशात मोठा तलाव व बाग राखण्यासाठी दूरवरून पाणी आणणे आवश्यक होते. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शेंडी, वडगाव यांसारख्या गावांच्या शिवारातून शहराकडे व बागांकडे पाणी आणण्यासाठी भूमिगत नळयोजना तयार करण्यात आल्या. उंचावरील विहिरींचे पाणी केवळ उताराच्या आधारे खापरी नळांतून वाहत असे. नळांतील हवा व दाब यांचे नियमन करण्यासाठी ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले असत. अशा योजनांना सातत्याने दुरुस्तीची गरज असते. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. राजाश्रय संपल्यावर बागेचे पाणी तुटले, तलाव कोरडा पडला आणि झाडेही नाहीशी झाली.

ताजमहालाशी तुलना

शाहजहानला ताजमहालाची कल्पना फराह बागेवरून सुचली, असा समज स्थानिक लोकांमध्ये रूढ आहे. दोन्ही वास्तूंमध्ये साम्य निश्चितच आहे. मात्र त्याचे कारण त्यांच्या समान परंपरेत सापडते. मधल्या दालनाभोवती आठ दालने योजण्याच्या पद्धतीस ‘हश्त बिहिश्त’ (आठ स्वर्ग) असे म्हणतात. ही पद्धत इराण व मध्य आशियातील तैमुरी स्थापत्यातून भारतात आली. दिल्लीतील हुमायूनची कबर, फराह बाग व ताजमहाल या तिन्ही वास्तूंमध्ये तिचा वापर दिसतो. ताजमहालाची पूर्वसूरी वास्तू म्हणून अभ्यासक सामान्यतः हुमायूनच्या कबरीचा निर्देश करतात.

सद्यस्थिती व परिसर

एकेकाळी केवळ राजपरिवारासाठी राखीव असलेली ही जागा आज पर्यटक व अभ्यासकांच्या भेटीचे ठिकाण आहे. येथे येणाऱ्यास बाग दिसत नाही. कोरड्या तलावाच्या खोलगट तळातून व महालाच्या चहूबाजूंच्या कमानींवरून तिच्या मूळ रूपाची कल्पना करावी लागते. जवळच १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. भुईकोट किल्ला, भिंगार येथील दमडी मशीद (१५६७) आणि अहमद निजामशाहाची कबर असलेला बाग रौझा ही निजामशाहीकालीन स्थळेही शहर परिसरात आहेत. फराह बागेचे काम पूर्ण करणाऱ्या सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर असून ती ‘चांदबिबी महाल’ या चुकीच्या नावाने अधिक परिचित आहे.