कांद्याचा टार्ट आणि पापुद्र्यांचे पीठ

कांदा उभा पातळ चिरावा, लोण्यात मंद आचेवर तांबूस होईतो परतावा, पापुद्र्यांच्या पिठाच्या पोळीवर पसरावा आणि भट्टीत खरपूस भाजून काढावा, एवढीच ज्याची कृती त्या पदार्थाला इतिहास तो काय असणार, असे प्रथमदर्शनी वाटणे साहजिक आहे. पफ पेस्ट्रीच्या लाटून गोठवलेल्या पोळ्या आज दुकानात मिळतात. त्यामुळे युरोपातील गृहिणी हा टार्ट तास-दीड तासात सिद्ध करते. परंतु ही सुलभता अलीकडची आहे. हे पीठ दीर्घकाळ सरदारांच्या मुदपाकखान्यात आणि धंदेवाईक हलवायांच्या भट्टीवरच घडत असे. ते सामान्य घराच्या ओट्यावर आणणाऱ्यांत जिचे नाव अग्रभागी घ्यावे, त्या बाईला तिच्या श्रमांचे श्रेय मिळण्यास मात्र जवळजवळ दोन शतके वाट पाहावी लागली.

कांदा गरिबाघरचा म्हणावा, तर त्याच्या टार्टची एक जुनी लेखी कृती सापडते ती इंग्लंडच्या राजाकडे. दुसऱ्या रिचर्डच्या आचाऱ्यांनी इ. स. १३९० च्या सुमारास आपल्या कृती चामड्याच्या एका लांब गुंडाळीवर उतरवून ठेवल्या. ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या नावाने त्या पुढे १७८० मध्ये छापल्या गेल्या. त्यांत ‘एम्बर’च्या दिवसांसाठी एक टार्ट सांगितला आहे. एम्बरचे दिवस म्हणजे ख्रिस्ती लोकांचे वर्षातून चार वेळा येणारे उपवास. त्या दिवशी मांस वर्ज्य. तेव्हा कांदे अर्धवट उकडावे, त्यांतले पाणी दाबून काढावे, बारीक चिरावे, त्यांत पाव, अंडी, लोणी, केशर, मीठ, मनुका आणि थोडी साखर घालून ते पिठाच्या पारीत भाजावे, असा तो विधी. आपल्याकडे चातुर्मासाच्या तोंडावर कांदेनवमी साजरी करून कांद्याचा निरोप घेणारी मंडळी, आणि तिकडे ऐन उपवासालाच कांद्याचे पक्वान्न करणारे हे राजाचे आचारी! धर्माज्ञा कोणत्या वस्तूला सोवळी म्हणेल याचा काही नेम नाही.

राजवाड्याबाहेर कांद्याचा टार्ट वाढला तो मात्र पावाच्या पिठावर. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहराचा ‘पिसालादियेर’ म्हणजे पावाच्या पिठावर शिजवलेल्या कांद्याचा जाड थर आणि वर खारवलेली मासळी व ऑलिव्ह. अल्सास प्रांतात पावाची भट्टी पुरेशी तापली की नाही हे पाहण्यासाठी पिठाची पातळ पोळी कांदा व साय घालून आधी आत सरकवीत, असे सांगतात. ज्याच्या घरी भट्टी नाही त्याला हे करायचे तर गावच्या भट्टीकडे जावे लागे. आणि फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी ती भट्टी जमीनदाराची असून तिच्या वापराचा कर त्याला द्यावा लागे. हे हक्क विनामोबदला रद्द झाले ते राज्यक्रांतीत, १७९३ साली. लोणी महाग आणि भट्टी परक्याची, अशा स्थितीत पापुद्र्यांच्या पिठाचा विचार गरिबाच्या मनात यावा तरी कसा?

या पिठाची करणी समजून घेण्यास मराठी गृहिणीला मुळीच अडचण पडू नये, कारण चिरोट्याचे मर्म तिला ठाऊक असते. साटा लावून पोळ्या एकावर एक रचाव्या, गुंडाळाव्या, लाटाव्या आणि तुपात सोडताच पापुद्रे सुटावे, हा चिरोट्याचा न्याय. युरोपातल्या पिठात साट्याच्या जागी थंड, घट्ट लोण्याची एक सबंध वडी असते. ती पिठाच्या चौकोनात मिटून घेतात, लाटतात, तीनपदरी घडी घालतात, गारव्यात विसावा देतात, आणि पुन्हा लाटतात. पहिल्या घडीला तीन थर झाले, तर दुसरीला नऊ, तिसरीला सत्तावीस आणि सहाव्या घडीला ७२९. भट्टीच्या प्रखर आचेत लोण्यातले व पिठातले पाणी वाफ होऊ लागते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळच्या सोळाशे-सतराशेपट जागा हवी असते. ती बाहेर पडण्यासाठी थर उचलते, परंतु मधल्या स्निग्धांशामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत. यात यीस्ट नाही, सोडा नाही, केवळ घडी आणि गारवा. लाटताना लोणी वितळले की ते पिठात मुरते, थर एकजीव होतात, आणि सकाळभराच्या खटाटोपातून निघते एक निबर बिस्कीट.

ही युक्ती कोणाची? सर्वांत लोकप्रिय उत्तर असे, की क्लोद जेले नावाच्या उमेदवार भटारी पोराने आजारी बापासाठी पाव करताना पिठात लोणी दडवले आणि हे पीठ जन्मास आले. हाच पोरगा पुढे क्लोद लोरँ या नावाने निसर्गचित्रांचा थोर चित्रकार झाला. कथा गोड आहे, पण तारखांपुढे टिकत नाही. जेलेचा जन्म इ. स. १६०० च्या आसपासचा. टॉमस डॉसन याच्या १५९६ च्या इंग्रजी पुस्तकात लोणी घालून घड्या घालण्याच्या पिठाची कृती आहे. त्याहीपूर्वी, तेराव्या शतकातील स्पेनमधल्या मुसलमानी राजवटीतील एका अरबी पाकग्रंथात स्निग्ध थरांची ‘मुवर्रका’ आढळते. तिच्या नावातला ‘वरक’ म्हणजे पान. मिठाईवरचा आपला ‘वर्ख’ तो हाच. फ्रेंच व स्पॅनिश भाषांतली या पिठाची नावेही ‘पान’ या अर्थाच्याच शब्दांवरून आली आहेत. तेव्हा एका बुद्धिमान मुलाऐवजी पुष्कळशा निनावी हातांकडे हे श्रेय जाते, आणि तेच अधिक संभवनीय आहे.

फ्रान्सने या पिठाला शिस्त लावली यात शंका नाही. ला वारेन याचा १६५१ चा ग्रंथ आणि कारेमचा १८१५ चा ग्रंथ हे त्या शिस्तीचे दोन मोठे टप्पे. पण ला वारेन हा एका मार्क्वीसचा आचारी, तर कारेम तालेराँसारख्या मुत्सद्द्याच्या मेजवान्या उठवणारा. संगमरवरी पाट, बर्फाची सोय आणि हाताखाली पोरे गृहीत धरूनच तिकडची विद्या चाले.

घरचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले पुस्तक लंडनमध्ये १७४७ साली निघाले. ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी’ हे त्याचे नाव. लेखिकेच्या जागी नुसते ‘एक बाई’ एवढेच छापलेले, आणि विक्री चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात. ही बाई म्हणजे हॅना ग्लास. घरकामाच्या मुलींना समजेल अशा साध्या भाषेत लिहीत असल्याचे ती प्रस्तावनेत सांगते आणि फ्रेंच आचाऱ्यांच्या उधळपट्टीवर कोरडे ओढते. तिचे पापुद्र्यांचे पीठ पाहावे: साडेतीन रत्तलांच्या आसपास मैदा घ्यावा, अर्धा रत्तल लोणी त्यात चोळावे, थंड पाण्यात भिजवावे; मग लाटून वर लोण्याचे तुकडे टोचावे, थोडा मैदा भुरभुरावा, गुंडाळावे, पुन्हा लाटावे, आणि दीड रत्तल लोणी जिरेपर्यंत असे नऊ-दहा वेळा करावे. वडीचे नेमके माप नाही, संगमरवर नाही, नोकरांचा ताफा नाही. याच पुस्तकात कांद्याचा एक पायही आहे: कांदे, बटाटे व सफरचंदे प्रत्येकी एक रत्तल, बारा अंडी, आणि भोवती ‘चांगली पारी’. ती पारी कोणत्या पिठाची, हे तिने करणारीवर सोपवले. हिंदुस्थानी पद्धतीची ‘करी’ याच ग्रंथात आहे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

तिच्या कित्येक कृती आधीच्या पुस्तकांतून सरळ उचललेल्या आहेत, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवले आहे. त्या काळी ती रीतच होती. परंतु पुस्तक धडाक्याने खपत असता बाईचे दैव फिरले. १७५४ साली तिचे दिवाळे निघाले, पुस्तकाचा हक्क विकावा लागला, आणि १७५७ मध्ये कर्जापायी तुरुंगवासही घडला. १७७० मध्ये ती वारली. आठ वर्षांनी एका पुस्तक-विक्रेत्याकडील मेजवानीत हे पुस्तक वस्तुतः डॉक्टर हिल नावाच्या गृहस्थाने लिहिले असल्याची वार्ता निघाली. पंक्तीला डॉक्टर जॉन्सन होते. पुस्तकात सोऱ्याविषयी असा एक घोटाळा आहे जो हिलसारखा वैद्य करणार नाही, असे त्यांनी नेमके हेरले. आणि तरीही बायकांनी सूत कातावे, पाकशास्त्राचा चांगला ग्रंथ त्यांच्या हातून व्हायचा नाही, असा निर्वाळाही दिला. जन्मभर इतरांच्या हातचे जेवणाऱ्या विद्वानाचा हा निकाल! हॅना ग्लास हीच लेखिका होय, हे मॅडेलिन होप डॉड्स या इतिहाससंशोधिकेने १९३८ साली सिद्ध केले.

मुंबईच्या हवेत लोण्याच्या घड्या घालणे म्हणजे उन्हाशी झुंज. इराणी व गोवेकर भटाऱ्यांच्या बेकऱ्यांत जी खारी बनते ती याच पिठाची धाकटी बहीण; तिच्यात लोण्याऐवजी सहजी न वितळणारे वनस्पती तूप वापरण्याची चाल पडली, त्याचे कारण हेच. घरी करायचे झाल्यास पहाटेची वेळ धरावी, आणि दर दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास शीतकपाटात ठेवावे. कांदा परतण्यास पाऊण तास लागला तरी घाई करू नये. त्यातले पाणी आटले नाही तर तळची पारी भिजून बसते, आणि तो गरम असतानाच पसरला तर भट्टीत जाण्यापूर्वीच लोणी सुटते. पोळीची कड बोटभर मोकळी सोडावी, ती वर फुलते. भट्टी २०० अंश सेल्सियसपर्यंत आधी तापवून घ्यावी, आणि पहिली पंधरा मिनिटे तिचे दार उघडू नये.