लाइमचे लाल वर्तुळ : एका आजाराच्या निदानाचा इतिहास

ऑक्टोबर १९७५. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम नावाच्या लहानशा गावातून एका महिलेने राज्याच्या आरोग्य खात्याला दूरध्वनी केला. नाव पॉली मरे. व्यवसायाने चित्रकार, चार मुलांची आई. घरातील जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी सुजलेले गुडघे, ताप, अंगावरील चट्टे आणि न सरणारा थकवा यांनी आजारी पडत होता. दोन मुलांना बालसंधिवात असल्याचे निदान झाले होते. शेजारच्या घरांतही असेच रुग्ण होते. मरे यांनी त्यांची यादीच तयार केली होती.

ही यादी एका दिवसात झालेली नव्हती. स्वतः मरे कित्येक वर्षे एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात होत्या. तपासण्यांत काही सापडत नसे, आणि जे सापडत नाही ते मनाचे खेळ असावेत असा निष्कर्ष निघे. तेव्हा त्यांनी लक्षणांची टिपणे ठेवायला सुरुवात केली: कोणाला, कधी, कोणत्या सांध्यात, त्याआधी काय झाले होते. त्याच सुमारास ओल्ड लाइममधील आणखी एका आईनेही आपल्या मुलीच्या आजाराबद्दल आरोग्य खात्याकडे विचारणा केली. एकाच भागात इतक्या मुलांना संधिवात होतो, ही गोष्ट योगायोगात बसणारी नव्हती.

खात्यातील डेव्हिड स्निडमन यांनी हे प्रकरण येल विद्यापीठातील तरुण संधिवाततज्ज्ञ ॲलन स्टीअर यांच्यापर्यंत पोहोचवले. स्टीअर यांच्या गटाने लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या लगतच्या गावांतील ५१ रुग्ण तपासले; त्यांत ३९ मुले होती. चार विशिष्ट रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांपैकी दर दहांत एकाला हा आजार होता. नवे रुग्ण प्रामुख्याने उन्हाळ्यात आणि शरदाच्या आरंभी आढळत. रस्ते रानाला लागून, हंगाम कीटकांचा! १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या आजाराला ‘लाइम संधिवात’ म्हटले गेले आणि तो एखाद्या चावणाऱ्या जीवामार्फत पसरत असावा, असा तर्क मांडला गेला.

त्या ५१ जणांपैकी १३ जणांना एक विलक्षण खूण आठवत होती. सांधे सुजण्याच्या काही आठवडे आधी त्वचेवर लाल पुरळ उठून त्याचे वर्तुळ पसरत गेले होते. काहींच्या अंगावर त्याचा व्यास ५० सेंटिमीटरपर्यंत पोहोचला होता.

येथेच या कथेतील सर्वांत बोचणारा भाग येतो. हे वर्तुळ युरोपला नवे नव्हते. स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्विड अफ्झेलियस यांनी १९०९ सालीच स्टॉकहोममध्ये अशा रुग्णाची माहिती सादर केली होती आणि गोचिडीच्या चाव्याशी त्याचा संबंध जोडला होता. १९२२ साली फ्रान्समधील गारां आणि बुजादू यांनी गोचिडीच्या चाव्यानंतर उद्भवलेला मज्जातंतूंचा विकार नोंदवला. १९५१ साली स्वीडनमध्येच हॉलस्ट्रॉम यांनी हे लाल वर्तुळ पेनिसिलिनने बरे होते असे दाखवले. अमेरिकेतही विस्कॉन्सिनमधील त्वचारोगतज्ज्ञ रुडॉल्फ स्क्रिमेंटी यांनी १९७० साली असाच एक रुग्ण नोंदवून त्याला पेनिसिलिन दिले होते.

म्हणजे उत्तराचे तुकडे छापून आलेले होते. पण ते त्वचारोगांच्या आणि मज्जाविकारांच्या नियतकालिकांत होते, आणि कनेक्टिकटची मुले मात्र गुडघे सुजले म्हणून संधिवाततज्ज्ञांकडे जात होती. वैद्यकाच्या शाखा वेगळ्या, भाषा वेगळ्या, कपाटेही वेगळी. येलच्या गटाला युरोपातील नोंदींचा धागा लवकरच सापडला. तरीही रोगाचे कारण विषाणू की जिवाणू हे ठरत नव्हते, आणि म्हणून प्रतिजैविके द्यावीत की नाही याविषयी सुरुवातीची काही वर्षे संभ्रम राहिला.

तो सुटला जवळजवळ अपघाताने. १९८१ साली मोंटाना राज्यातील हॅमिल्टन येथील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी तपासत होते. शोध दुसऱ्याच तापाच्या जंतूंचा चालला होता. सूक्ष्मदर्शकाखाली गोचिडीच्या आतड्यात त्यांना लांबट, मळसूत्राप्रमाणे वळलेले जिवाणू दिसले. उपदंशाचा जंतू ज्या घराण्यातील, त्याच घराण्यातील हे स्पायरोकीट. दुसरा कोणी ते पाहून पुढे गेला असता. बर्गडॉर्फर थांबले, कारण स्वित्झर्लंडमध्ये विद्यार्थी असताना त्यांचा प्रबंधच गोचिडींतील स्पायरोकीटांवर होता. तपासलेल्या १२६ गोचिडींपैकी ७७ मध्ये हे जिवाणू निघाले. सहकारी ॲलन बार्बर यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले. १९८२ साली शोध प्रसिद्ध झाला, १९८३ साली तेच जिवाणू रुग्णांच्या शरीरातून वेगळे काढण्यात आले आणि १९८४ साली त्यांना बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळाले.

(कोकणातील वाचकाला गोचीड म्हटले की माकडताप आठवेल. तो विषाणूचा रोग आहे आणि त्याची गोचीडही निराळी. दोहोंची गल्लत होऊ नये.)

मग हा रोग १९७० च्या दशकातच अवतरला का? नाही. लाँग आयलंडवर १९४० च्या दशकात गोळा करून संग्रहालयात जपलेल्या गोचिडींत या जिवाणूंचा डीएनए १९९० साली सापडला. बदलला होता तो भूगोल. न्यू इंग्लंडची जंगले एकोणिसाव्या शतकापर्यंत शेतीसाठी तोडली गेली होती आणि हरणे जवळजवळ नाहीशी झाली होती. पुढे शेते ओस पडली, रान परतले, हरणे परतली, आणि त्या रानाच्या कडेला माणसांनी घरे बांधली. जिवाणूंचा मुख्य साठा पांढऱ्या पायांच्या उंदरात असतो. प्रौढ गोचिडींचे पोट हरणांवर भरते. माणसाला बहुधा चावते ते गोचिडीचे खसखशीच्या दाण्याएवढे पिल्लू. इतके लहान की चावा कित्येकांना कळतही नाही.

जंतू सापडला म्हणजे निदान सोपे झाले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वादाला तेथून तोंड फुटले. हे जिवाणू रक्तात फार थोडे असतात आणि प्रयोगशाळेत सहजी वाढत नाहीत. म्हणून तपासणी जंतूची होत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची होते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. उपचार सर्वांत गुणकारी ठरतात त्या सुरुवातीच्या दिवसांत तपासणी अनेकदा नकारात्मक येते. उलट, एकदा तयार झालेली प्रतिपिंडे रोग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे राहू शकतात. त्यामुळे रोग गेला की आहे हे तपासणी सांगू शकत नाही. लाल वर्तुळ दिसले तर डॉक्टर केवळ त्यावरून निदान करतात, पण प्रत्येक रुग्णाला ते दिसतेच असे नाही.

१९८० च्या दशकात प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीने तपासत असे आणि एकाच रक्ताचे निरनिराळे निकाल येत. त्यावर १९९४ साली मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे तज्ज्ञांनी द्विस्तरीय पद्धत ठरवली: आधी एलायझा, मग वेस्टर्न ब्लॉट, दुसऱ्या चाचणीत ठरावीक दहा पट्ट्यांपैकी किमान पाच दिसल्या तरच दीर्घकाळच्या संसर्गाची पुष्टी. गोंधळ आवरण्यासाठी नियम हवाच होता, पण चार पट्ट्यांवर थांबलेल्या रुग्णाला तो नियम दार बंद झाल्यासारखा वाटला.

उपचारांतही तीच फूट पडली. लवकर ओळखलेला लाइम दोन-तीन आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिन किंवा अमॉक्सिसिलिनने बहुतेकांमध्ये बरा होतो. काहींचा थकवा, वेदना आणि विस्मरण मात्र उपचारांनंतरही रेंगाळते. जंतू अजून शरीरात आहे म्हणून महिनोन्महिने प्रतिजैविके द्यावीत, असे काही डॉक्टर आणि रुग्णसंघटना म्हणू लागल्या. २००१ साली १२९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले: ३० दिवस शिरेतून आणि पुढे ६० दिवस तोंडाने औषध घेऊनही औषध नसलेल्या गोळ्यांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. २०१६ साली नेदरलँड्समधील २८० रुग्णांच्या चाचणीनेही तेच सांगितले. शिरेत दीर्घकाळ नळी ठेवल्याने गंभीर संसर्ग होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. दीर्घ उपचारांविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. मात्र लांबलेली दुखणी खोटी आहेत असे त्यातून सिद्ध होत नाही. हे औषध त्यांवर चालत नाही, एवढेच सिद्ध होते. हा भेद वादाच्या धुरळ्यात दोन्ही बाजूंनी वारंवार हरवला.

वाद न्यायाच्या दारातही गेला. संसर्गरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २००६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा कनेक्टिकटच्याच महाधिवक्त्यांनी त्या करणाऱ्यांच्या हितसंबंधांची चौकशी आरंभली. २००८ साली तडजोड झाली, नवे स्वतंत्र मंडळ नेमले गेले आणि २०१० साली त्याने मूळ सूचना योग्य ठरवल्या. रुग्णसंघटनांचे समाधान झाले नाही.

लसही आली होती. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लाइमरिक्सची युक्ती अजब होती: लस घेतलेल्या माणसाचे रक्त पिताना त्यातील प्रतिपिंडे गोचिडीच्या पोटात शिरून जिवाणूंना तेथेच मारत. तीन मात्रांनंतर ती सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत परिणामकारक ठरली. पण लसीमुळेच सांधे दुखतात अशा तक्रारी आणि खटले सुरू झाले. तपासात तसा संबंध आढळला नाही, तरी खप कोसळला आणि २००२ च्या फेब्रुवारीत लस बाजारातून काढून घेण्यात आली.

पॉली मरे यांनी आपला अनुभव १९९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. २०१९ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉटला वगळून एलायझासारख्या दोन चाचण्यांवर निदान करण्याच्या सुधारित पद्धतीला मान्यता मिळाली. तीही जिवाणू शोधत नाही, प्रतिपिंडेच शोधते.