चेल्टनहॅमचा सन्मान आणि होल्स्टची सावित्री

२२ मार्च १९२७ रोजी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावाने आपल्या सुपुत्राच्या सन्मानार्थ त्याच्याच रचनांची मैफल भरवली. बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद मुद्दाम आणवला होता. सुपुत्र म्हणजे गुस्ताव होल्स्ट. तो याच गावात १८७४ साली जन्मला. १९१८ साली लंडनमध्ये त्याची 'द प्लॅनेट्स' ही सात ग्रहांवरची रचना वाजली आणि तो जगाला ठाऊक झाला. गावाने गौरवला तो हा होल्स्ट.

मला मात्र त्याआधीचा होल्स्ट जास्त जवळचा वाटतो. पंचविशीच्या सुमारास त्याने लंडनमध्ये मेबल बोड यांच्याकडे संस्कृतचे धडे घेतले. हाती असलेली ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरे त्याला रुचेनात. मग त्याने स्वतःच सूक्तांची भाषांतरे केली आणि त्यांना चाली दिल्या. पोटापाण्यासाठी तो मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होता. पदवीवाचून संशोधन करणाऱ्या माझ्यासारख्याला याचे अप्रूप वाटणारच!

१९०८ साली त्याने महाभारताच्या वनपर्वातली कथा घेऊन 'सावित्री' ही अर्ध्या तासाची संगीतिका रचली. आमच्या ताम्हिणीत ज्येष्ठी पौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात तीच ही सावित्री. पण होल्स्टने कथेची कळ फिरवली. महाभारतात ती सासऱ्याची दृष्टी मागते, राज्य मागते, शंभर पुत्र मागते. इथे यम तिला एकच वर देतो, तोही सत्यवानासाठी नव्हे, तिच्या स्वतःसाठी. ती मागते जीवन, भरभरून जीवन. यम तथास्तु म्हणतो आणि अडकतो, कारण सत्यवानावाचून ते जीवन पुरे होतच नाही. सात जन्मांच्या नवऱ्याचा हिशेब इथे नाही. ती आधी स्वतःसाठी मागते, नवरा त्यातून परत येतो. आपल्या कीर्तनकारांनीही हा पाठभेद एकदा आळवून पाहावा.

वादक फक्त बारा, गाणारे तिघे आणि पडद्याआड स्त्रियांचा गायकवृंद. हा प्रयोग उघड्यावर व्हावा, अशी त्याची मूळ कल्पना होती. १९१६ साली लंडनमध्ये पहिला प्रयोग झाला तो मात्र सभागृहात. ताम्हिणीत विंझाईच्या देवळापाशी, झाडांच्या सावलीत तो सहज बसेल. फक्त वटपौर्णिमेचा मुहूर्त धरू नये. त्या दिवसांत इथला पाऊस यमालाही गाऊ द्यायचा नाही.