उतरत्या वयातील मुष्टियोद्धा आणि प्रतिकूलता : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

मुष्टियुद्ध हा मानवी शरीराची अत्यंत कठोर परीक्षा घेणारा क्रीडाप्रकार होय. प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावर आघात करणे हेच येथे गुण मिळविण्याचे साधन असल्यामुळे वाढत्या वयाची किंमत या खेळाडूला इतरांच्या तुलनेत अधिक मोजावी लागते. त्यातही हेवीवेट म्हणजे सर्वांत जड गटातील योद्ध्याचे स्थान वेगळे आहे. लोकमानसात त्याची प्रतिमा अजिंक्य पुरुषाची असते आणि म्हणूनच त्याचा पराभव व त्याचे वार्धक्य समाजाला अधिक चटका लावून जाते. वय उतरणीला लागल्यावर असा योद्धा प्रतिकूल परिस्थितीवर मात करू शकतो काय, हा प्रश्न क्रीडारसिक नेहमीच विचारीत आले आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने मात हा प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडला पाहिजे. ही प्रतिकूलता नेमकी कोणती, आणि तिच्यावर मात करण्याचे सामर्थ्य एकट्या व्यक्तीत असते की तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थांतही असते, याचा विचार केल्याशिवाय मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रस्तुत लेखात प्रथम जागतिक पातळीवरील तीन योद्ध्यांचा, नंतर भारतातील हेवीवेट मुष्टियोद्ध्यांचा आणि त्यानंतर महाराष्ट्रातील मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनाचा परामर्श घेतला आहे. पेटकर हे जड गटातील मुष्टियोद्धे नव्हते. परंतु मुष्टियोद्ध्यावर कोसळणाऱ्या प्रतिकूलतेचे इतके सर्वांगीण उदाहरण मराठी भूमीत दुसरे सापडणे कठीण आहे. अखेरीस या विवेचनाचा वाशीमसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांशी असणारा संबंध स्पष्ट केला आहे.

१. रिंगणातील वार्धक्य : तीन दाखले

वय वाढू लागले की प्रथम पायांची चपळता जाते, त्यानंतर ठोसा चुकविण्यासाठी लागणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. ठोशातील ताकद मात्र पुष्कळ काळ टिकून राहते. हलक्या गटात वेगाला प्राधान्य असल्याने तेथील योद्धा लवकर निवृत्त होतो. जड गटात एका ठोशावर लढतीचा निकाल फिरू शकतो, म्हणून तेथे आशा दीर्घकाळ जिवंत राहते. हीच आशा कधी तारते, तर कधी घात करते.

अमेरिकेचे जो लुई हे १९३७ ते १९४९ या काळात जगज्जेते होते. अजिंक्य अवस्थेत त्यांनी निवृत्ती स्वीकारली. परंतु थकलेल्या प्राप्तिकराचा बोजा डोक्यावर असल्यामुळे त्यांना पुन्हा रिंगणात उतरावे लागले. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्स यांनी त्यांचा पराभव केला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी तरुण रॉकी मार्सियानो यांच्याकडून आठव्या फेरीत ते धराशायी झाले. येथे लुई यांना मैदानात आणणारी शक्ती क्रीडेची ओढ नव्हती, ती कर्जाची होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

मुहम्मद अली यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे ३२ वर्षांच्या अलींनी २५ वर्षांच्या जॉर्ज फोरमन यांना आठव्या फेरीत पराभूत केले. पूर्वीची चपळता उरली नाही हे ओळखून त्यांनी दोरांना टेकून ठोसे सोसले आणि प्रतिस्पर्ध्याला थकविले. वयाशी जुळवून घेणाऱ्या बुद्धीचा तो विजय होता. परंतु त्याच डावपेचाची किंमत त्यांच्या शरीराने पुढे मोजली असावी, असे मानण्यास जागा आहे. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगास येथे लॅरी होम्स यांच्याविरुद्धची त्यांची लढत दहाव्या फेरीनंतर त्यांच्याच गोटाने थांबविली. १९८१ च्या डिसेंबरमध्ये शेवटची लढतही ते हरले आणि १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सनचा विकार असल्याचे निष्पन्न झाले.

फोरमन यांनी मात्र या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. १९७७ मध्ये निवृत्त होऊन ते धर्मोपदेशक बनले. तरुणांसाठी चालविलेल्या केंद्राला पैसा हवा म्हणून दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, ते परतले. १९९१ मध्ये इव्हँडर होलीफील्ड यांच्याकडून ते गुणांवर हरले. पुढे ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, गुणांमध्ये पिछाडीवर असताना त्यांनी २६ वर्षांच्या मायकेल मूरर यांना दहाव्या फेरीत खाली पाडले व वीस वर्षांपूर्वी गमावलेले पद परत मिळविले. या यशाची कारणे पाहता चमत्काराची कल्पना करण्याची गरज राहत नाही. दहा वर्षे त्यांच्या डोक्यावर ठोसे बसले नव्हते. परतल्यावर त्यांनी घाई न करता, हालचाल कमी व ठोसा नेमका अशी वयाला साजेशी शैली स्वीकारली. शिवाय एका ठोशाला निर्णायक ठरविणारा जड गट त्यांना अनुकूल होता.

या तीन दाखल्यांवरून असे दिसते की, रिंगणात वार्धक्यावर मात करणे शक्य आहे. परंतु ते क्वचितच घडते आणि त्यासाठी शरीर राखलेले असणे व शैली बदलण्याची तयारी असणे या दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

२. भारतीय हेवीवेट योद्धे : रिंगणाबाहेरची लढत

भारतात व्यावसायिक मुष्टियुद्धाची परंपरा क्षीण असल्यामुळे येथील योद्ध्यापुढे चाळिशीत जगज्जेतेपदासाठी लढण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. हौशी मुष्टियुद्धात तर वयोमर्यादेचा नियमच आड येतो. त्यामुळे आपल्याकडील योद्ध्याची उतरत्या वयातील लढत रिंगणाबाहेर होते.

सैन्यदलातील हवा सिंग यांनी १९६६ व १९७० अशा दोन्ही बँकॉक आशियाई स्पर्धांत हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळविले. निवृत्तीनंतर त्यांनी हरियाणातील भिवानी येथे तरुणांना घडविण्यात आयुष्य वेचले. २००० च्या ऑगस्टमध्ये, द्रोणाचार्य पुरस्कार हाती पडण्यापूर्वी काही दिवस, त्यांचे निधन झाले. २००८ मध्ये ऑलिंपिकमध्ये भारताला मुष्टियुद्धातील पहिले पदक मिळवून देणारे विजेंदर सिंग हे याच भिवानीचे होत.

कौर सिंग यांची कहाणी याच्या उलट आहे. तेही सैनिक आणि तेही हेवीवेट. १९८० मध्ये दिल्लीत अलींसमवेत त्यांची प्रदर्शनीय लढत झाली व १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असे असूनही २०१७ मध्ये हृदयविकाराच्या उपचारांसाठी त्यांच्यावर कर्ज काढण्याची वेळ आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर सैन्यदलाने मदतीचा हात पुढे केला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोघांच्या पराक्रमात मोठे अंतर नव्हते. एकाच्या वार्धक्याला शिष्यांचा वारसा लाभला, दुसऱ्याच्या वार्धक्याची दखल वृत्तपत्रांतून घ्यावी लागली, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्रात जड गटाचा मान मुष्टियुद्धापेक्षा कुस्तीला आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून वावरले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आखाड्याच्या परंपरेत मल्लाच्या वार्धक्याला असे एक निश्चित व मानाचे स्थान आहे. खांदे खाली आले तरी वस्तादाचा शब्द खाली पडत नाही. हाती पट्टे मिळत तोवर मल्ल म्हातारा होत नाही, ही या व्यवस्थेची धारणा दिसते. मुष्टियुद्धाला आपल्याकडे अशी व्यवस्था लाभली नाही.

३. मुरलीकांत पेटकर : रिंगण बदलणारा योद्धा

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे कोवळ्या वयातच सैन्यात दाखल झाले. ईएमई या दलात असताना त्यांनी मुष्टियुद्धात नाव मिळविले व तोक्यो येथील सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुष्टियोद्ध्याच्या बाबतीत पाय म्हणजे पाया. तो पाया वयोमानाने हळूहळू खचण्याऐवजी येथे एकाच दिवशी खचला. इतरांना चाळिशीत जे सामोरे येते ते पेटकरांना ऐन विशीत आले.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार घेत असताना शरीराला व्यायाम म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यात आला. ज्या क्रीडेत पायांवाचून गती नाही ती सोडून, बाहू आणि छाती यांच्या बळावर चालणारी क्रीडा त्यांनी स्वीकारली. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य त्यांना या काळात लाभले. १९७० मध्ये एडिनबरो येथे दिव्यांगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी पदके मिळविली. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैली जलतरणात ३७.३३ सेकंद असा जागतिक विक्रम नोंदवून त्यांनी सुवर्णपदक पटकावले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदकासाठी देशाला २००८ पर्यंत, म्हणजे आणखी ३६ वर्षे, वाट पाहावी लागली.

येथपर्यंतची कथा जिद्दीची आहे आणि ती सर्वत्र सांगितली जाते. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतर सुरू होतो. पेटकर पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करीत राहिले. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी केलेला त्यांचा अर्ज मान्य झाला नाही. देशाला पहिले सुवर्ण मिळवून देणारा हा खेळाडू पाठ्यपुस्तकांत, क्रीडाविषयक ग्रंथांत व सार्वजनिक स्मृतीत जवळजवळ अनुपस्थित राहिला. दिव्यांगांच्या क्रीडेला त्या काळी उपचाराचा एक भाग मानले जाई. तिची क्रीडा म्हणून नोंद ठेवण्याची दृष्टी विकसित झालेली नव्हती. पुढे २०१८ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. २०२४ मध्ये कबीर खान दिग्दर्शित 'चंदू चॅम्पियन' या चित्रपटाने त्यांची कथा घरोघरी पोहोचविली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरवपर अर्जुन पुरस्कार देण्यात आला. पदक आणि हा पुरस्कार यांच्यात बावन्न वर्षांहून अधिक काळ गेला.

गोळ्यांनी दिलेल्या प्रतिकूलतेवर पेटकरांनी सात वर्षांत मात केली. विस्मृतीच्या प्रतिकूलतेवर मात करण्यास मात अर्धशतक लागले, कारण ती लढत एकट्याने जिंकता येत नाही. याबाबतीत खाशाबा जाधव तर अधिक दुर्दैवी ठरले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणाऱ्या या मल्लाचे १९८४ मध्ये अपघाती निधन झाले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर.

४. वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वऱ्हाडात व्यायामाची परंपरा जुनी आहे. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. अशा नामांकित संस्थांचा इतिहास लिहिला गेला. खेड्यापाड्यांतील आखाड्यांचा मात लिहिला गेला नाही. यात्रेतील कुस्त्यांचे फड, मल्लांच्या जोडी, गावाने बांधलेला फेटा या गोष्टी प्रामुख्याने मौखिक स्मृतीत वावरतात. ज्यांच्या स्मृतीत त्या आहेत ते मल्ल आज वृद्ध आहेत. पेटकरांकडे आंतरराष्ट्रीय पदकाचा अधिकृत पुरावा होता, तरी त्यांना पन्नास वर्षे थांबावे लागले. ज्याच्यापाशी जुना फेटा आणि एखादे पिवळे पडलेले छायाचित्र एवढाच पुरावा आहे, त्या मल्लाची स्थिती काय असेल, याचा विचार आपण केला पाहिजे.

या ठिकाणी महाविद्यालयांचे उत्तरदायित्व सुरू होते. इतिहास विभाग आणि शारीरिक शिक्षण विभाग यांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील वयोवृद्ध खेळाडूंच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांच्याजवळील छायाचित्रे, प्रमाणपत्रे व कात्रणे यांच्या प्रती ग्रंथालयात जतन कराव्यात. मुलाखतीतील कथनाची पडताळणी समकालीन वृत्तपत्रे व संस्थांच्या अहवालांशी करावी, कारण स्मृती आदराने ऐकावयाची असली तरी ती तपासूनच इतिहासात घ्यावयाची असते. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणून देणे सहज शक्य आहे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची नव्हे, तर वेळेची आवश्यकता आहे. आणि वेळ नेमका कमी आहे.

निष्कर्ष :

१) जड गटातील मुष्टियोद्धा उतरत्या वयात रिंगणातील प्रतिकूलतेवर मात करू शकतो, हे १९९४ च्या फोरमन यांच्या विजयावरून सिद्ध होते, तथापि लुई व अली यांच्या अखेरच्या लढती पाहता हा नियम नसून अपवाद आहे.

२) केवळ आर्थिक गरजेपोटी किंवा लौकिकाच्या मोहाने झालेले पुनरागमन बहुधा हानिकारक ठरते. शरीर राखणे आणि वयानुरूप शैली बदलणे या यशाच्या अटी होत.

३) रिंगण बदलणे हाही मात करण्याचा मार्ग आहे. पेटकरांनी क्रीडाप्रकार बदलला. हवा सिंग व आंदळकर यांनी भूमिका बदलली. हा मार्ग अधिक योद्ध्यांना खुला आहे.

४) आजारपण, दारिद्र्य आणि विस्मृती हे वृद्ध योद्ध्याचे अखेरचे प्रतिस्पर्धी होत. त्यांच्याशी लढताना व्यक्तीची जिद्द पुरेशी पडत नाही. शासन, सैन्यदल, आखाडा आणि महाविद्यालय यांनी त्याच्या बाजूने उभे राहावे लागते.

वृद्ध योद्धा प्रतिकूलतेवर मात करू शकेल काय, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या बाहूंत असते. उरलेले अर्धे उत्तर त्याची नोंद ठेवणाऱ्यांच्या हातात असते, आणि अध्यापक म्हणून आपली गणना या दुसऱ्या गटात होते.